येणाऱ्याला जवळ, जाणाऱ्याला लांब

त्या गावात अंतर विचारून काही उपयोग नव्हता. विचारलं की सांगायचे सगळे, अगदी हातातलं काम टाकून सांगायचे. पण काय सांगायचं, हे तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरायचं. गावाकडे येत असाल तर "हे काय, आलंच." गावातून निघाला असाल तर "छे, आता कुठे निघता? फार लांब आहे, अंधार पडेल वाटेत." येणाऱ्याचा धीर खचू नये आणि जाणाऱ्याने आणखी एक मुक्काम करावा, एवढाच हेतू. आपण कुणाला फसवतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. दमून आलेल्या माणसाला खरं अंतर सांगणं हा तिथे उद्धटपणा समजत. आणि अगदीच खोदून विचारलं तर म्हणायचे, "एक ओझं." म्हणजे डोक्यावरचं ओझं खाली न ठेवता माणूस जितकं चालेल तितकं. कुणाचं डोकं, केवढं ओझं, ते मात्र विचारायचं नाही.

सिस्टर या गावात आली ती अशीच. तेव्हा तिला कुणी सिस्टर म्हणत नव्हतं. नर्सिंगचं शिक्षण नुकतं संपलेलं, नवरा मुलगी पोटात असतानाच गेलेला, आणि मुलगी दोन वर्षांची. नोकरीची ऑर्डर हातात ठेवताना ऑफिसातला साहेब म्हणाला होता, "वर्षभराचा तर प्रश्न आहे." वर्षभरासाठी लेकराची कशाला फरपट, म्हणून तिने मुलीला थोरल्या बहिणीकडे शहरात ठेवलं आणि एक बॅग घेऊन ती निघाली.

एसटी ज्या फाट्यावर थांबते तिथल्या सायकल दुरुस्तीवाल्याला तिने विचारलं, "गाव किती लांब?" तो म्हणाला, "हे काय, टेकडी ओलांडली की गाव." कुठली टेकडी, ते त्याने सांगितलं नाही.

पहिल्यांदा लागला खोटा पूल. पूल तसा खरा, दगडी, चांगला भक्कम. नदीनेच मागे कधीतरी पात्र बदललं आणि पूल कोरड्यावर राहिला. माणसं त्या पुलाखालून जातात आणि पुढे जाऊन गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडतात. मग लागली सासू बसली. हा चढ आहे. कुणाची तरी सासू सुनेच्या माहेरी निघाली असता अर्ध्या चढावर बसली आणि म्हणाली, मी आता पुढे यायची नाही, त्यांनाच इकडे बोलवा. व्याही आले की नाही, ते कुणाला ठाऊक नाही. सासूची जागा मात्र कायम झाली. त्यानंतर दोन घरं. तिथे घरं डझनभर आहेत, मोजणारा दोन मोजूनच दमला असावा. मग नवरा हरवला, म्हणजे एक दाट झाडीची घळ. आणि शेवटी इथून उतार, म्हणजे सगळ्यात उभा चढ, कारण नाव ठेवणारा वरून खाली येत होता. प्रत्येक ठिकाणी भेटेल त्याला ती विचारत गेली आणि प्रत्येकाने तोंडभर हसून सांगितलं, "आलंच." दुपारी निघालेली ती दिवेलागणीला पोचली, तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडायचे बाकी होते.

तरीही त्या दिवशी तिला राग आला नाही. वर्षभराचा तर प्रश्न होता.

दवाखान्याच्या मागे एक खोली होती. एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी, आणि खिडकीसमोर डोंगराचा कडा, असा जवळ की आकाश बघायला मान वाकडी करावी लागे. सिस्टरने खिडकीला पडदा लावला नाही. भिंतीला खिळासुद्धा ठोकला नाही. थोड्या दिवसांसाठी कशाला? वर्ष झालं, दुसरं झालं. तिने बदलीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, बदली मंजूर, पण जागेवर दुसरा माणूस रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करता येणार नाही. आणि दुसरा माणूस कुठला रुजू होतोय! एक बाई खोट्या पुलावरूनच माघारी फिरली. एक गृहस्थ गावापर्यंत आले, तांब्याभर पाणी प्यायले, बाजार कुठे भरतो म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून बूट न काढताच उठले. गावाने त्यांना परोपरीने सांगितलं की फार लांब आहे, अंधार पडेल. पण ज्यांना अंधाराचीही पर्वा उरली नव्हती असे ते पहिलेच पाहुणे.

याच्यावर कळस चढवला मोजणीने. कुठलं गाव रस्त्यापासून किती आडबाजूला, हे ठरवायला सरकारने माणसं पाठवली. जे लांब ठरेल त्याला गाडी, दुसरी नर्स आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना बदलीत पहिला नंबर मिळणार होता. मोजणीचा साहेब सासू बसलीपर्यंत आला, आणि जे सासूने केलं तेच त्याने केलं. बसला. घाम पुसत त्याने लाकडं घेऊन चाललेल्या माणसांना विचारलं, "गाव अजून किती हो?" आता समोर पाहुणा, तो दमलेला, आणि तोंड गावाकडे. माणसं एका सुरात म्हणाली, "हे काय साहेब, आलंच!" साहेबाने तसंच लिहिलं आणि तिथूनच परतला. गावाने पाहुण्याचा मान राखला आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून ते गाव सरकारदरबारी रस्त्यालगत आहे. सिस्टरच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर येऊ लागलं, की सदर ठिकाण रस्त्यालगत असल्याने आपली अडचण समजून येत नाही.

ती भांडली. गावच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "अहो, खरं का नाही सांगितलंत?" माणसं खरोखर बुचकळ्यात पडली. "दमला होता हो बिचारा," त्यातला एक म्हणाला.

वाईट माणसं असती तर एक वेळ तिला निघता आलं असतं. पण माणसं वाईट नव्हती, हाच तर फास होता. दवाखान्याच्या भिंतीला भिंत लागून एक शिवणवाली राहायची. सिस्टरच्या वयाची, तोंडाने फटकळ. तिची तिन्ही मुलं सिस्टरच्या हातावर जन्मलेली. सिस्टर बॅग भरायला लागली की भिंतीपलीकडचं मशीन थांबायचं आणि ही दारात हजर. "आज नको ग जाऊस. आभाळ बघ कसं झालंय. आणि दोन घरंवाली ती पोर बाळंतपणाला आज-उद्याकडे आहे." आणि ते खोटं नसायचं. कुणी ना कुणी आज-उद्याकडे असायचंच. एकदा मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी सिस्टर पहाटे निघाली, इथून उतारला पोचली, आणि मागून एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या बायकोच्या कळा सुरू झाल्या होत्या, बाळ आडवं होतं. सिस्टर परत फिरली. बाळ जगलं, आई जगली. शहरात मुलगी पांढरा फ्रॉक घालून दाराकडे बघत राहिली, असं बहिणीने नंतर सांगितलं. बहिणीने ते लागावं म्हणून सांगितलं नव्हतं, पण लागलं.

वर्षातून दोनदा ती जायची. लहान होती तेव्हा मुलगी मावशीच्या मागे लपायची. मोठी झाली तशी समोर येऊन नीट बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलतात तसं. मावशीला ती आई म्हणायची. आणि आईला? सगळं गाव सिस्टर म्हणतं म्हणून तीही थट्टेत सिस्टर म्हणायला लागली. थट्टा कधी संपली आणि नाव कधी चिकटलं, ते कुणालाच कळलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा खडक आहे. मोबाइलला रेंज फक्त तिथेच मिळते. त्या खडकाचं नाव ऐकू येतंय का. गावातलं हे सगळ्यात नवं नाव, आणि ते का पडलं हे सांगायला नको. त्या खडकावर उभी असताना सिस्टरला मुलीचा फोन आला. मुलीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिला आठवा लागला होता.

"आई म्हणते तुला सांगू नको," मुलगी म्हणाली. "म्हणते तिला रजा मिळत नाही, उगाच जिवाला लावून घेईल. पण मला भीती वाटते. तू इतक्या बायकांजवळ असतेस. माझ्याजवळ ये ना."

सिस्टर खडकावरच बसली. इतक्या वर्षांत या पोरीने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. एक बाहुलीसुद्धा नाही. त्या दिवशी तिने ऑफिसात फोन लावला आणि जन्मात कधी बोलली नव्हती असं बोलली. कुणाला दया आली की कुणाला भीती वाटली देव जाणे, पण पुढच्याच आठवड्यात निरोप आला. नवी नर्स येतेय. ती रुजू झाली, चार्ज घेतल्याची सही केली, की तुम्ही मोकळ्या. सही नाही झाली तर मात्र आमचा नाइलाज आहे.

सिस्टर स्वतः फाट्यावर गेली तिला आणायला. वाटेत खोट्या पुलावरून माघारी फिरू नये, हे खरं कारण. फाट्यावर उभी असताना तिला आठवलं, की माझ्यानंतर जो कुणी येईल त्याला मी खरं काय ते सांगणार, असं तिने कितीतरी वेळा स्वतःला बजावलं होतं.

एसटीतून एक गोल चेहऱ्याची, हसरी पोरगी उतरली. पायात कोरे बूट, दोन्ही हातांत पिशव्या. उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "किती लांब आहे हो सिस्टर?"

"हे काय," सिस्टर म्हणाली, "आलंच."

शब्द बाहेर पडले आणि तिची तीच दचकली. पण पोरगी खूश होऊन चालायलाही लागली होती. सिस्टरने तिच्या हातातली जड पिशवी घेतली आणि जिभेवर ताबा ठेवून चालू लागली. वाटेतल्या जागांची नावं ती गाळत होती. खोट्या पुलाला तिने जुना पूल म्हटलं. चढाशी आल्यावर पोरीने विचारलं, "या चढाला काही नाव आहे?" सिस्टर म्हणाली, "नाही, नुसता चढ." तेवढ्यात वरून येणारा एक लाकूडतोड्या ओरडला, "काय सिस्टर, सासू बसलीला थांबलात होय?"

पोरीला नाव समजावून सांगावं लागलं. ती इतकी हसली की तिलाही बसावं लागलं. "माझ्या सासूबाई असत्या तर त्या नसत्या बसल्या," ती डोळे पुसत म्हणाली, "त्यांनी मला बसवलं असतं." मग बाटलीतलं पाणी पिता पिता आपणहून सांगायला लागली. नवऱ्याचं काम सुटलंय. चार वर्षांचा मुलगा आहे, सासूबाईंपाशी ठेवलाय. "रडला हो निघताना. मग मी सांगितलं, दर रविवारी येणार. गाव रस्त्यालगत आहे म्हणून तर ही जागा घेतली. ऑफिसात दुसरी एक मिळत होती, पण ती म्हणे आडबाजूला."

सिस्टरला वाटलं, सांगावं, अगदी आत्ताच सांगावं. फाटा अजून मागे दिसत होता आणि संध्याकाळची एसटी जायची होती. तिला मुलीचा आवाज आठवला. "चल," ती म्हणाली, "पाणी पुरवून पी. आता थोडंच राहिलं."

संध्याकाळी चार्ज दिला. कात्र्या, चिमटे, लसींचा डबा, वजनकाटा, कपाटाच्या किल्ल्या, एकेक वस्तू सिस्टर पुढे करायची आणि नवी ती उलटसुलट करून बघायची. पोरगी कामाची होती, हे सिस्टरला दोन वस्तूंतच कळलं, आणि त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं. शिवणवाली चहा घेऊन आली होती. "दमलीस ना ग?" ती नवीला म्हणाली. "पण किती जवळ आहे बघ."

नवीचे पाय सुजले होते. तिने पेन उचललं आणि तशीच थांबली. "सिस्टर, रविवारी पहाटे निघाले तर दिवसभर पोराजवळ राहून रात्रीपर्यंत परत येता येईल ना?"

शिवणवालीने सिस्टरकडे बघितलं. काय उत्तर येतं याची तिलाही उत्सुकता होती, कारण सिस्टर गेल्यावर काय होईल याची धास्ती तिच्याही मनात होती. सिस्टरने चहाचा कप खाली ठेवला.

"येईल की," ती म्हणाली.

नवीने सही केली. सुटले, असं सिस्टरच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. दोन्ही एकदमच आलं.

सकाळी बॅग घेऊन ती निघाली तेव्हा शिवणवाली दारात उभी होती. म्हणाली, "फार लांब आहे ग. आजचा दिवस राहा." सिस्टरने तिला जवळ घेतलं. मग नवी तिला पहिल्या वळणापर्यंत सोडायला आली. बॅगेचा एक बंद तिने धरला, दुसरा सिस्टरने, आणि सुजल्या पायांनी लंगडत ती दवाखान्याबद्दल, पाण्याबद्दल, रविवारबद्दल बोलत राहिली. वळणावर सिस्टर थांबली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "रविवारी जाता यायचं नाही. कुठल्याच रविवारी. एक दिवस जायला, एक यायला, आणि मधे कुणी अडलं तर परत फिरावं लागतं. इथे दुसरं कुणी नाही. दुसरं कुणी यायलाही तयार होत नाही. मी वर्षभरासाठी आले होते. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आता ती बाळंत होतेय."

नवीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. ती म्हणाली, "सही करायच्या आधी का नाही सांगितलंत?"

"तू सही केली नसतीस."

"मग आता तरी कशाला सांगता?" ती ओरडली. "जायचं होतं ना तुम्हाला? मग जायचं होतंत गुपचूप! मी बसले असते रविवार मोजत!"

"तेच तर नको म्हणून," सिस्टर म्हणाली. "मी तेच केलं. आता थोडेच दिवस, आता थोडेच दिवस. थोड्या दिवसांसाठी पोरीला कशाला एवढा डोंगर चढवायचा, असं म्हणत राहिले. इथे काही नाही असं नाही ग. पोरं खेळतात, शाळा आहे चौथीपर्यंत, मास्तर खोकतो पण शिकवतो. ती इथे वाढली असती. मला एका माणसाने जरी खरं सांगितलं असतं ना, तर मी तिला पहिल्याच दिवशी पाठीवर बांधून आणली असती."

नवी खाली बसली. वळणाच्या दगडावर, बॅगेचा बंद हातात तसाच धरून. "आणि मी आत्ता तुमच्याबरोबर खाली आले तर?"

"नोकरी जाईल. चार्ज तुझ्याकडे आहे."

"नोकरी नाही सोडता येत," नवी म्हणाली. ते ती सिस्टरला सांगत नव्हती. तिने खाली दरीकडे बघितलं, मग वर गावाकडे, मग पुन्हा खाली. "विसरली होती का हो ती तुम्हाला?"

"हो," सिस्टर म्हणाली. "मी गेले की मावशीच्या मागे लपायची."

खालून कुणीतरी येत असल्याची चाहूल लागली, मग ती चाहूल दुसऱ्या वाटेने निघून गेली. नवीने ओढणीने तोंड पुसलं आणि उठून बॅगेचा बंद सोडून दिला. तिचा चेहरा अजून रागाने लाल होता आणि तो राग जायचा नव्हता, हे सिस्टरला दिसत होतं.

"शहरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत घर आहे आमचं," ती म्हणाली. "निळं दार. मी फोन केला तर सासूबाई ऐकायच्या नाहीत, वाद घालतील. तुम्ही स्वतः जा. तुमच्या मुलीचं सगळं सांगा त्यांना, काही गाळू नका. म्हणावं, पोराला घेऊन यायला सांगितलंय त्याच्या बापाला, याच आठवड्यात."

"सांगते."

"वाट लांब आहे, हेही सांगा."

"सांगते."

सिस्टर बॅग उचलून निघाली. दहा-बारा पावलं उतरली असेल नसेल, तोच वरून हाक आली.

"सिस्टर! कपडे भरायला सांगा त्याचे. सगळे." आवाज तिथे अडखळला, आणि मग पुन्हा आला. "थंडीचेसुद्धा."